पाण्याची पारख

तापीच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याकडे सरकत जाणाऱ्या यावल तालुक्यात केळीच्या बागांनी वेढलेलं एक गाव आहे. त्या गावात आप्पांची विहीर पंचक्रोशीत नावाजलेली. आप्पांच्या वडिलांनी ती खणली तेव्हा काळ मोटेचा होता. थारोळ्याच्या दगडांवर पाण्याच्या माऱ्यानं पडलेले खळगे अजून दिसतात. पुढे ऑइल इंजिन आलं, मग विजेची मोटार आली, आणि पाणी खोल गेलं तसं विहिरीच्या तळाला बोअर मारून पाणबुडी मोटार सोडावी लागली. पण विहीर कधी कोरडी पडली नाही. १९७२ च्या दुष्काळात अर्धं गाव या विहिरीवर जगलं. आप्पा तेव्हा विशीतले. रात्री रात्री जागून, बैल बदलून बदलून त्यांनी मोट हाकली होती आणि एकाही घराची घागर रिकामी परत पाठवली नव्हती.

तीच रीत आप्पांनी पुढे चालवली. मळ्यातल्या कोठ्याच्या भिंतीला त्यांनी रस्त्याच्या बाजूनं एक तोटी काढली होती. नळाला चार-चार दिवस पाणी नसलं की वाटेवरच्या वस्तीतल्या बाया हंडे घेऊन तिथे यायच्या. कोणी पैशाचा विषय काढला तर आप्पांना राग येई. "पानी इकाचं नसतं," एवढंच म्हणत.

आणि आखाजीला तर त्या तोटीवर रांग लागायची. अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आपल्या खान्देशातल्या आखाजीला, घरोघर पितरांच्या नावानं घागर भरतात. ती आप्पांच्या विहिरीच्या पाण्यानं भरली की पितर तृप्त होतात अशी गावाची श्रद्धा. आप्पांना याहून मोठा मान दुसरा कोणता नव्हता.

एका वर्षी आप्पांची लेक बाळंतपणासाठी माहेरी आली होती. सासर धुळे जिल्ह्यातलं, साक्री तालुक्यात पांझरेच्या काठी. मुलगा झाला. बाळ सव्वा महिन्याचं झालं तरी आईला दूध पुरेसं येईना. बाळाचं वजन वाढत नाही म्हटल्यावर डॉक्टरांनी अंगावरचं दूध चालू ठेवून वरून पावडरचं दूध द्यायला सांगितलं. डबा घरी आला. आता पावडर कालवायची ती पाण्यात, आणि घरातलं पिण्याचं पाणी तर विहिरीचं.

आप्पांची सून तेव्हा एक शब्द बोलली आणि घरात वादळ उठलं. "आप्पा, बाळाच्या दुधात हे पाणी घालण्याआधी एकदा तपासून घेऊ."

सून शिकलेली होती, भुसावळची. २०१९ साली जल जीवन मिशन सुरू झालं, त्यात प्रत्येक गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायच्या पेटीचं, म्हणजे फील्ड टेस्ट किटचं, प्रशिक्षण द्यायचं ठरलं. या गावातल्या पाचांमध्ये ती होती. अंगणवाडीचं पाणी, शाळेचं पाणी, ग्रामपंचायतीच्या विहिरीचं पाणी तिनं तपासलं होतं. घरच्या विहिरीचं मात्र कधी नाही. ती विहीर खाजगी आणि ती आप्पांची.

आप्पा ताडकन म्हणाले, "ज्या पान्यानं मी बापाची घागर भरतो, त्याची परीक्षा घ्याची? पन्नास वर्सं गाव पिऊन ऱ्हायलं. कोन मेलं? मले सांग."

आप्पांच्या पत्नी अक्कांनी सुनेकडे डोळे वटारून पाहिलं. आप्पांचा मुलगा मान खाली घालून जेवत राहिला. सून गप्प बसली. भांडून काही होणार नाही हे तिला कळत होतं आणि माघार घेऊन चालणार नाही हेही.

संध्याकाळी आप्पा ओसरीवर बसले असताना ती चहा घेऊन गेली आणि म्हणाली, "आप्पा, एक विचारू? विहिरीला पाणी लागलं तेव्हा मोठ्या बाबांनी ते पिण्याजोगं आहे हे कसं ठरवलं?"

आप्पांचा चेहरा उजळला. हा त्यांचा आवडता विषय. ते सांगू लागले. पाणी लागलं त्या दिवशी वडिलांनी कोणाला प्यायला दिलं नाही. आधी गाळ उपसला. मग काशाच्या वाटीत पाणी घेऊन उन्हात धरलं, तळाला काही बसतं का पाहिलं. रात्रभर तांब्यात झाकून ठेवून सकाळी वास घेतला. मग आईनं त्या पाण्यात तुरीची डाळ टाकली. डाळ मऊ शिजली तर पाणी हलकं, दडदडीत राहिली तर जड. लुगडं धुऊन साबणाला फेस येतो का पाहिलं. सगळ्यात शेवटी वडिलांनी स्वतः घोट घेतला आणि चार दिवस एकटेच ते पाणी प्यायले. मग घरातल्यांनी, मग गावानं.

सून म्हणाली, "म्हणजे मोठ्या बाबांनी पाच-सहा परीक्षा घेतल्या. त्यांच्याजवळ जेवढी साधनं होती तेवढी सगळी वापरली. आज माझ्याजवळ ही पेटी आहे. ती त्यांच्याजवळ असती तर त्यांनी ती वापरल्याशिवाय घोट घेतला असता का, आप्पा?"

आप्पांनी कप खाली ठेवला. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "सकायी मोटार चालू करतो. घे तुहं पानी."

दुसऱ्या दिवशी सुनेनं नमुना घेतला तेव्हा आप्पा शेजारी उभे होते. तिनं आधी दहा मिनिटं पाणी वाहू दिलं, म्हणजे पाइपात रात्रभर साचलेलं निघून जाईल. मग स्वच्छ बाटली त्याच पाण्यानं तीनदा खंगाळली आणि गळ्यापर्यंत भरली. जंतूंच्या तपासणीची छोटी बाटली वेगळी होती. तिच्या तोंडाला बोट लागू न देता तिनं खुणेपर्यंत पाणी ओतलं, लगेच झाकण लावलं आणि बाटली कपाटात उबेला ठेवली. अठ्ठेचाळीस तासांत हे पाणी काळं पडलं तर त्यात मैल्याचे जंतू असण्याचा धोका, नाही पडलं तर निदान त्या बाजूनं चिंता कमी.

दोन दिवस आप्पा सकाळ-संध्याकाळ कपाट उघडून बघत होते. पाणी काळं पडलं नाही. आप्पांनी अक्कांना हाक मारून बाटली दाखवली. "पाह्य. सांगत होतो ना!"

सून हसली, पण पेटी तिनं बंद केली नव्हती. अजून क्षार पाहायचे होते. आम्लता ठीक निघाली, फ्लोराइड ठीक, क्लोराइड ठीक. मग नायट्रेटची पाळी आली. काचेच्या नळीत तिनं खुणेपर्यंत पाणी घेतलं, पुडीतली भुकटी टाकली, नळी हलवली आणि घड्याळ लावून थांबली. पाणी आधी जरासं गुलाबी झालं. मग गुलाबी गडद होत गेलं. तिनं नळी रंगतक्त्याशेजारी धरली. मर्यादेचा रंग मागे पडला होता.

"हे काय?" आप्पांनी विचारलं.

"नायट्रेट आहे, आप्पा. जास्त आहे."

"दिसत तं नही. पानी तं आरशासारखं हाये. गोड हाये."

"ते दिसतच नाही. रंग नाही, वास नाही, चव नाही. म्हणून तर नळी लागते."

किटची तपासणी म्हणजे नुसता इशारा. पक्कं सांगायचं तर प्रयोगशाळाच हवी. सुनेनं पुन्हा नमुना घेतला, वर चिठ्ठी चिकटवली, तिच्यावर विहिरीची जागा, तारीख आणि वेळ लिहिली. आप्पांचा मुलगा तो नमुना जळगावला भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत देऊन आला. अहवाल येईपर्यंत बाळाचं दूध नळाच्या पाण्यात कालवायचं ठरलं. नळयोजनेच्या विहिरीचं पाणी तपासलेलं होतं, त्याचा अहवाल ग्रामपंचायतीत लावलेला होता आणि त्यात नायट्रेट मर्यादेच्या आत होतं. चार दिवसांनी एकदा येणारं ते पाणी अक्का वेगळ्या हंड्यात भरून, उकळून बाळासाठी ठेवू लागल्या.

आता इथे थोडं थांबून नायट्रेटची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती आपल्या सगळ्यांच्या शेताची गोष्ट आहे.

पिकाला नत्र लागतं. ते आपण युरियातून देतो, शेणखतातून देतो. पीक घेईल तेवढं घेतं. उरलेल्याचं मातीतले जिवाणू नायट्रेट करतात, आणि नायट्रेट मातीला चिकटून राहत नाही. पाण्याबरोबर ते खाली जातं आणि वर्षानुवर्षं झिरपत विहिरीच्या झऱ्याला मिळतं. गोठ्याचं मूत, उकिरड्याचं पाणी, संडासाचा शोषखड्डा यांचीही वाट तीच. मोठ्या माणसाच्या पोटात थोडंफार नायट्रेट गेलं तर शरीर ते बाहेर टाकतं. सहा महिन्यांखालच्या बाळाचं तसं नाही. त्याच्या पोटात आम्ल कमी असतं, तिथले जिवाणू नायट्रेटचं नायट्राइट करतात, आणि नायट्राइट रक्तात गेलं की रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी होते. बाळाचे ओठ, नखं निळसर पडू लागतात. वेळीच लक्षात आलं नाही तर जीव जातो. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात १९४५ साली हंटर कॉमली या डॉक्टरांनी अशी दोन बाळं पाहिली आणि त्यामागचं कारण जगासमोर मांडलं. दोन्ही शेतकऱ्यांच्या घरातली, दोघांचंही दूध घरच्या विहिरीच्या पाण्यात कालवलेलं. निव्वळ अंगावर पिणाऱ्या बाळाला हा धोका जवळपास नसतो, कारण आईच्या दुधात नायट्रेट फारसं उतरत नाही.

भारतीय मानक ब्युरोच्या आय.एस. १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या मानकात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. इतर काही क्षारांच्या बाबतीत, दुसरं पाणीच नसेल तर, थोडी सूट दिलेली असते. नायट्रेटला ती नाही. आणि हा प्रश्न कुठल्या दूरदेशीचा नाही. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात देशातले नायट्रेटनं सर्वाधिक ग्रासलेले जे पंधरा जिल्हे सांगितले, त्यांत महाराष्ट्रातले सात आहेत आणि त्यांत आपलं जळगाव आहे.

आखाजीच्या आदल्या दिवशी अहवाल आला. नायट्रेट: लिटरला ९० मिलिग्रॅम. मर्यादेच्या दुप्पट.

त्याच दिवशी नातवाला पाहायला आणि आखाजीचं लेणं द्यायला साक्रीहून व्याही आले होते. जेवणं झाली आणि अहवालाचा विषय निघाला.

मुलगा म्हणाला, "आप्पा, मी काय म्हणतो, बाळाला नळाचं पाणी चालूच आहे. आपण घरात आरओ बसवून घेऊ. त्यानं नायट्रेट कमी होतं. पण हा कागद गावात दाखवायची काय गरज? उद्या आखाजी आहे. लोक घागरी घेऊन येतील. इतक्या वर्षांचं नाव एका दिवसात जाईल."

अक्का म्हणाल्या, "उकयून घेऊ ना. उकयलं का सगळं मरतं."

"जंतू मरतात, आई," सून म्हणाली. "नायट्रेट मरत नाही. उलट पाणी आटतं आणि नायट्रेट तेवढंच राहतं, म्हणजे प्रमाण वाढतं. तुरटीनं जात नाही, टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकून जात नाही, कॅन्डलच्या फिल्टरनं जात नाही."

अक्का जरा थांबल्या. मग त्यांनी मुलाला विचारलं, "आपल्या बाळाले तू आरओ बसवशीन. अन् सालदाराच्या पोराले?"

मळ्यातल्या खोपीत आप्पांचा सालदार राहत होता. पावरा समाजाचा, वर सातपुड्यातला. त्याच्या बायकोच्या कडेवर तीन महिन्यांची पोर होती. बाई दिवसभर केळीच्या बागेत कामाला. उन्हाचं पोरीचा घसा सुकू नये म्हणून ती चमच्या-चमच्यानं तिला पाणी पाजायची. त्याच तोटीचं पाणी. आशाताई सांगून थकल्या होत्या की सहा महिन्यांपर्यंत अंगावरच्या दुधाशिवाय बाळाला पाणीसुद्धा देऊ नये. पण वैशाखाच्या उन्हात बागेत राबणाऱ्या आईला ते कसं पटावं?

मुलाला उत्तर सुचलं नाही. घरात सगळे आप्पांकडे पाहू लागले.

आप्पांनी व्याह्यांकडे पाहिलं. ते पांझरेच्या काठचे, फडाच्या गावचे. तिथे नदीवर बंधारे घालून पाटानं पाणी घ्यायची फड पद्धत शेकडो वर्षं चालत आलेली. जमीन ज्याची त्याची असली तरी फडात कोणतं पीक घ्यायचं हे सगळ्यांनी बसून ठरवायचं. पाणी कोणाला कधी आणि किती, हे पाटकरी सांभाळणार. वरच्यानं पाटाला घाण केली तर खालचा त्याला जाब विचारणार.

व्याही शांतपणे म्हणाले, "आप्पा, आमच्याकडे जुनी माणसं म्हणत, पानी एकलानं नही ऱ्हास, गावनं ऱ्हास. तुम्ही पाणी वाटलं तेव्हा गावानं ते तुमच्या भरवशावर घेतलं. आता पाण्याबद्दल जे कळलं तेही गावाचंच झालं. ते एकट्यानं ठेवून घेता येणार नाही."

त्या रात्री आप्पांना झोप आली नाही. १९७२ साली त्यांनी रात्रभर मोट हाकली ती कशासाठी, हे ते आठवत राहिले. विहिरीचं नाव व्हावं म्हणून नव्हे, लोकांची पोरं जगावीत म्हणून. नाव मागाहून आलं. आज नाव राखण्यासाठी एखाद्या पोराला धोक्यात ठेवायचं, तर मग त्या रात्रींना काय अर्थ उरला? पहाटे त्यांचं मन ठरलं.

उजाडायच्या आत ते खोपीवर गेले. सालदाराच्या बायकोला त्यांनी स्वतः समजावलं, "पोरीले हे पानी पाजू नको. अंगावरचंच दे. अन् तुमच्या पिन्याचा हंडा आजपासून आमच्या घरून नळाच्या पान्यानं भरत जा." मग काव भिजवली आणि तोटीच्या वर, कोठ्याच्या पांढऱ्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं:

"या विहिरीचं पाणी तपासलं. नायट्रेट ९०. मर्यादा ४५. लहान बाळांना पाजू नये. गरोदर बाईनंही पिऊ नये. उकळून उपयोग नाही. धुण्याला, भांड्याला, गुराढोरांच्या गोठ्याला, शेतीला चालेल."

खाली तारीख घातली आणि स्वतःचं नाव.

दिवस वर आला तशी घागरींची रांग लागली. पहिल्या बाईनं भिंत वाचली आणि ती थबकली. मागच्यांनी विचारलं, काय झालं? कुजबूज सुरू झाली. कोणी म्हणालं, आप्पांना आता पाणी द्यायचं जिवावर आलं. कोणी म्हणालं, एवढं सणाच्या दिवशी अपशकुनी लिहायचं कशाला? शेजारच्या मळ्याचे दोघे-तिघे तर चिडून आले. "आप्पा, तुमच्या विहिरीत निघालं म्हणजे लोक आमच्याही विहिरीकडे बोट दाखवतील. केळीच्या मालाला कोणी नाव ठेवलं तर?"

आप्पा थारोळ्याजवळ उभे राहून सगळं ऐकत होते. सगळ्यांचं बोलून झाल्यावर ते म्हणाले, "बहात्तर साली मी तुमच्या घागरी भरल्या, तवा तुम्ही मले इचारलं नही, पानी कसं हाये. माह्यावर इश्वास ठेवला. त्याच इश्वासानं आज सांगतो, पोराले हे पाजू नका. ज्याले घागर भराची त्यानं भरा, पितरं आपले मोठे हायेत. पन घरात तान्हं असंन तं त्याच्यासाठी नळाचं न्या. अन् ज्याची ज्याची विहीर हाये त्यानं तपासून घ्या. आमची सूनबाई करून दीन."

मग त्यांनी वडिलांची घागर त्याच विहिरीच्या पाण्यानं भरली. सुनेला हाक मारून म्हणाले, "घागरीवर खरबूज तू ठेव. परीक्षा तू घेतली, मान तुहा."

आखाजीनंतरच्या महिन्यात गावात विहिरी तपासायचं काम सुरू झालं. सुनेबरोबरच्या चारही बायका कामाला लागल्या. सगळीकडे सारखं काही निघालं नाही. नदीकडच्या काही विहिरी चांगल्या निघाल्या. दोन शेतांच्या अंतरावर असलेल्या दोन विहिरींत जमीन-अस्मानाचा फरक निघाला, कारण एकीच्या वरच्या अंगाला जुना उकिरडा होता. एका विहिरीत नायट्रेट नव्हतं, पण जंतूंची बाटली दुसऱ्या दिवशीच काळीभोर झाली. काठ खचलेला होता आणि वरचं पाणी सरळ आत उतरत होतं. त्या घरात दर पावसाळ्यात जुलाब का लागतात, ते तेव्हा कळलं. तिथला उपाय सोपा होता: काठ बांधून घेणं, भोवती ओटा घालणं, टीसीएलनं शुद्ध करणं आणि पुन्हा तपासणं. शेजाऱ्याच्या विहिरीवरून आपल्या विहिरीचा अंदाज बांधता येत नाही, हे गावाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं.

सगळ्यात मोठा बदल मात्र आप्पांच्या मुलात झाला. अहवाल लपवावा म्हणणारा तोच. एका रात्री तो वही घेऊन बसला. लिटरला ९० मिलिग्रॅम नायट्रेट, म्हणजे त्यात नुसतं नत्र साधारण २० मिलिग्रॅम. म्हणजे दहा लाख लिटर पाण्यात नत्र २० किलो. युरियाच्या ४५ किलोच्या पोत्यात नत्र असतं ४६ टक्के, म्हणजे २० किलोच्या थोडं वर. एकरात केळीची १,७०० खोडं, उन्हाळ्यात ठिबकनं खोडाला दिवसाला १५ लिटर पाणी, म्हणजे दहा लाख लिटर पाणी चाळीस दिवसांत जातं. त्यानं पेन्सिल खाली ठेवली आणि वडिलांना उठवलं.

"आप्पा, आपली विहीर एकरामागे दर चाळीस दिवसांनी एक पोतं युरिया आपल्याला परत देते आहे. आपणच टाकलेला. आणि आपण त्याच्यावर पुन्हा नवीन पोतं टाकतो."

केळीला खोडामागे २०० ग्रॅम नत्राची शिफारस आहे. हिरवी पानं दिसावीत म्हणून त्यापेक्षा जास्त देण्याची सवय गावाला लागलेली. त्या वर्षी मुलानं माती तपासून घेतली, विहिरीतून येणारं नत्र हिशेबात धरलं आणि युरिया थोडा थोडा करून ठिबकमधून दिला. पोती कमी लागली. बाग मागे पडली नाही. विहिरीच्या वरच्या अंगाचा उकिरडा खालच्या अंगाला गेला, गोठ्याचं पाणी खड्ड्यात साठवून बागेला देण्याची सोय झाली.

पुढच्या आखाजीला पुन्हा तपासणी झाली. अहवालात आकडा होता ८४. मुलगा थोडा हिरमुसला. एवढं करून फक्त सहा? सुनेनं समजावलं की मातीत उतरलेलं नायट्रेट खालच्या पाण्यात पोहोचायला वर्षं लागतात आणि निघून जायलाही वर्षं लागतात. पन्नास वर्षांत खाली गेलेलं एका वर्षात वर येणार नाही. आप्पांनी भिंतीवरचे ९० पुसून तिथे ८४ लिहिलं. आता दरवर्षी ते तो आकडा बदलतात, आणि वस्तीतल्या बाया हंडा लावण्याआधी भिंतीकडे पाहतात.

लेकीचं बाळ खेळतं-धावतं आहे. सालदाराची पोर अंगणवाडीत जाते. त्यांना काहीच झालं नाही. आणि हे 'काहीच झालं नाही' हीच या गोष्टीतली सगळ्यात मोठी घडामोड आहे. तपासणीचं यश असं असतं की ते कोणाला दिसत नाही, त्याचा कोणी सत्कार करत नाही. जे निळे पडले नाहीत त्या ओठांचा फोटो छापून येत नाही.

म्हणून सांगायचं ते एवढंच. आपली विहीर आपल्या आजोबांनी खणली असेल, तिनं दुष्काळात घर जगवलं असेल, तिचं पाणी नितळ आणि गोड असेल. तिच्यावर माया जरूर करावी. पण माया आहे म्हणून तपासायचं सोडलं, तर आपण तिला कालच्या गुणांवर आज पास करतो. विहीर तीच असते, पण तिच्या भोवतीचं शेत बदलतं, खत बदलतं, वस्ती वाढते, आणि पाणी ते सगळं पोटात घेतं. सरकारी योजनेचं पाणी तपासायला सरकार आहे. खाजगी विहीर आणि बोअर तपासायला मालकाशिवाय कोणी येत नाही. वर्षातून एकदा क्षारांची, आणि पावसाळ्याआधी व पावसाळ्यानंतर जंतूंची तपासणी करावी. घरात बाळ येणार असेल तर त्याच्या आधी करावी. विहिरीला पूर येऊन गेला, शेजारी शोषखड्डा झाला, पाण्याची चव किंवा वास बदलला तर लगेच करावी. आणि जे निघेल ते, चांगलं असो वा वाईट, त्या पाण्यावर विसंबणाऱ्या प्रत्येकाला सांगावं.

तात्पर्य : पाणी देणं हे पुण्य खरंच, पण पाण्याबद्दल खरं सांगणं हे त्याहून मोठं पुण्य आहे. ज्याच्यावर लोक विसंबतात, त्यानं स्वतःची पारख दरवर्षी नव्यानं करून घ्यावी.